ग्रॅव्हल रेसची नवी सायकल घेतलीत? या चुका टाळा

पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढाला नवी सायकल कुरकुरायला लागली. पॅडलवर जोर दिला की कुर्र, सोडला की गप्प. बरोबरचा दोस्त म्हणाला, "भावा, एवढ्या पैशात बुलेट आली असती. ती निदान हक्कानं आवाज करते." दुकानात नेली. तिथं बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे पॅडलचा दांडा फिरतो त्या जोडावर, संशय आला, बेअरिंग बदललं, पैसे दिले आणि पुढच्या रविवारी त्याच वळणाला तोच आवाज. खरं कारण पुढं सांगतो. पण त्या महिन्याभरात एक गोष्ट पक्की डोक्यात बसली: या ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर पळवायच्या, सायकली गेल्या काही वर्षांत पार बदलल्यात आणि आपण त्या चालवतोय मात्र रोड बाईकच्या, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या सायकलीच्या, सवयीनं.

त्या कुठल्या रस्त्यांसाठी घडल्या ते आधी बघू. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाभोवती २००६ पासून एक शर्यत होते, आज तिचं नाव अनबाउंड. मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे जवळपास ३२० किलोमीटर. २०२२ साली इटलीतल्या व्हेनेतो भागात यूसीआयची (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची) पहिली ग्रॅव्हल जागतिक स्पर्धा झाली. शर्यतींचा वेग वाढत गेला तशा कंपन्यांनी सायकली नव्यानं मांडल्या. कॅनियन कंपनीची ग्रेल २०१८ मध्ये दुमजली हँडल घेऊन आली होती. २०२३ मध्ये ते हँडल गेलं, वारा कापणारी फ्रेम आली आणि ४२ मिलिमीटर टायरची जागा मिळाली. ट्रेकची २०२४ ची चेकमेट ४५ पर्यंत टायर घेते. बाकी कंपन्यांचीही दिशा हीच: फ्रेम लांब, हँडल धरणारा स्टेम आखूड, केबली आणि ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्या जोडातून, आत.

आपल्याकडं ही सायकल उतरते पाणंदीत. उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, आणि कारखान्याचा हंगाम सुरू असला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. ताशी चाळीसच्या वेगाला वाचणाऱ्या वॅटचा, म्हणजे पायाच्या ताकदीचा, हिशेब इथं बावीसच्या वेगाला लागू पडत नाही, हे मनात ठेवूनच पुढचं वाचा.

हवा: इथंच निम्मे लोक चुकतात

रोड बाईकला ८० पीएसआय मारायची सवय असते. तोच हात इथं ५५-६० वर थांबतो आणि गड्याला वाटतं, आपण कमीच ठेवली. मग खडीवर सायकल नाचते, वळणावर पुढचं चाक बाहेर सरकतं, हाताला मुंग्या येतात. दोष जातो फ्रेमवर: "लई कडक आहे." मी स्वतः पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पहिल्यांदा ५० ठेवून गेलो होतो. पठारावरच्या जांभ्यानं दात खुळखुळे केले. परतताना ३० वर आणली तर तीच सायकल, तीच वाट आणि मागं वळून बघावंसं वाटेल इतका फरक.

स्वार सत्तर किलोचा, टायर ४० मिलिमीटरचा आणि ट्यूबलेस असेल तर पुढं २८, मागं ३१-३२ पासून सुरुवात करा. नेहमीच्याच वाटेवर दोन-दोन पीएसआय उतरवत जा. रिम दगडाला 'टक्' करून लागली की दोन परत चढवा, तुमचा आकडा सापडला. पेट्रोल पंपावरचा गेज आणि घरच्या पंपाचा गेज एकमेकांशी बोलत नसतात, त्यामुळं कुठला तरी एकच धरून चाला. रिम हुकलेस (टायर अडकवायची आतली कड नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही वरची मर्यादा, आणि टायरही हुकलेसला चालणाराच हवा. टायरच्या कडेला छापलेलं असतं, बघून घ्या.

सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारा द्रव, दुकानातून भरून आला म्हणजे जन्माचा भरला असं नसतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो दोन-तीन महिन्यांत सुकतो. चाक काढून कानाजवळ हलवा. आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज आला तर ठीक, नाहीतर भरायची वेळ झाली. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना बाभळी असतात, तेव्हा हे टाळाटाळ करण्यासारखं काम नाही. आणि काटा दिसला की लगेच उपटू नका. प्लग (भोकात कोंबायची रबरी पट्टी) हातात घ्या, भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवा, मग उपसा. सीलंट खालीच साचलेला असतो.

"४५ बसतो" म्हणजे चिखलात बसतो असं नाही

फ्रेमवर टायरचा जो कमाल आकडा दिलेला असतो तो कोरड्या रस्त्यासाठीच धरा. शिवाय ४० छापलेला टायर रुंद रिमवर चढला की मोजताना ४१-४२ भरू शकतो. साधी परीक्षा: टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाला धरणारी फ्रेमची खालची नळी) यांच्या मधून ६ मिलिमीटरची अ‍ॅलन की दोन्ही बाजूंनी सहज जाते का? जात नसेल तर पावसाळ्यात एक माप खाली या. नाहीतर चिखलातली वाळू सँडपेपरचं काम करते आणि कार्बनच्या चेनस्टेवर आतल्या बाजूनं पट्टा उमटतो. तिथं जाड संरक्षक टेप लावून घ्या, नवी आहे तोवरच.

चिखलापुढं मोठमोठे थकतात. २०२३ च्या अनबाउंडला सुरुवातीच्याच टप्प्यात असा चिखल लागला की स्वार सायकली उचलून चालत होते, आणि रंग ढवळायची लाकडी पट्टी जवळ ठेवणाऱ्यांची चंगळ झाली. आपल्याला पट्टीची गरज नाही, बांधावर उसाचं चिपाड पडलेलंच असतं. माती खरवडा, गवताच्या कडेनं चालत जा. खरी चूक इथं होते: चाक जाम होतंय हे कळूनही लोक जोर लावतात. चिखलानं लडबडलेली चेन डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या मागच्या भागाला, ओढून वर घेते, तो आऱ्यांत शिरतो आणि तो ज्या तुकड्याला लटकतो तो हँगर जातो.

या हँगरबद्दल जरा थांबून सांगतो. नव्या फ्रेमवर बहुधा यूडीएच, म्हणजे सगळीकडं चालणारा एकाच मापाचा हँगर, असतो. एकच सुटा भाग अनेक कंपन्यांच्या फ्रेमला बसतो, हाच त्याचा फायदा, म्हणून एक कायम पिशवीत ठेवा. पण त्याच्या बोल्टला उलटे आटे आहेत. नेहमीच्या सवयीनं डावीकडं फिरवलात तर तो ढिला होत नाही, आणखी आवळतो. तालमीतला हात असेल तर विचारूच नका. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा म्हणजे सुटेल. बसवताना उलट दिशेनं, आवळायचा जोर, म्हणजे टॉर्क, २५ न्यूटन मीटर. वाकलेला हँगर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन ठोकून सरळ करायचा मोह होतो. तिथं लेथवर काय वाट्टेल ते करून मिळतं याचा मलाही अभिमान आहे. पण अ‍ॅल्युमिनियमचा हा तुकडा एकदा वाकून सरळ केला की पुढच्या धक्क्याला तुटतो. नवा घाला.

आवाज: खर्च करण्याआधी शोधा

आता वाघबीळचा किस्सा. कार्बन फ्रेम पोकळ, त्यामुळं आवाज एकीकडं होतो आणि ऐकू येतो भलतीकडून. म्हणून आधी चढाला बसून चालवा, मग उभं राहून. बसल्यावरच येत असेल तर सीटचे रेल (खालच्या दोन सळ्या) किंवा सीटपोस्ट (सीटचा दांडा). उभं राहिल्यावरच येत असेल तर हँडल, हेडसेट, पुढचा अ‍ॅक्सल. दोन्ही वेळेला, पण पॅडल मारतानाच, तर पॅडल, चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट, कॅसेट (मागची दातेरी चक्रं), मागचा अ‍ॅक्सल, आणि सगळ्यात शेवटी बॉटम ब्रॅकेट. पॅडल थांबवूनही खड्ड्यात खडखडत असेल तर बाटलीचा पिंजरा नाहीतर फ्रेमच्या आत मोकळी पडलेली ब्रेकची नळी.

माझ्या सायकलीत तो मागचं चाक आरपार धरणारा थ्रू अ‍ॅक्सल निघाला. आट्यांत पिठासारखा फुफाटा जाऊन बसलेला, ग्रीस पार कोरडं. फडकं फिरवलं, बोटभर ग्रीस लावलं, अ‍ॅक्सलवर छापलेल्या टॉर्कला आवळलं. पाच मिनिटांचं काम. बदलून आलेलं जुनं बेअरिंग अजून माझ्या खणात आहे, लोण्यासारखं फिरतं.

सीटपोस्ट कुरकुरली किंवा खाली सरकली तर आणखी आवळू नका. कार्बनला ग्रीस लावलेलं असतं, ते पुसून कार्बन पेस्ट लावा. त्या पेस्टमधल्या बारीक कणांमुळं कमी टॉर्कलाही पकड येते. क्लॅम्पवर ५ किंवा ६ न्यूटन मीटर असं काहीतरी छापलेलं असतं. तो आकडा पाळायला टॉर्क रेंच लागतो. मनगटाच्या अंदाजानं आवळून पोस्ट चिरलेली मी पाहिली आहे, आणि ते मनगट तीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्याचं होतं.

धुणं

चिखलातून आल्यावर गाड्या धुवायच्या सेंटरला प्रेशर मारून घेणं ही आपल्याकडची सर्रास सवय. जुन्या सायकलीला ते कसंबसं चालून जायचं. नव्यात ब्रेकच्या नळ्या हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून जातात, पाणी आणि घाम तिथंच उतरतो. बेअरिंग गंजलं की पुढचं चाक उचलून हँडल फिरवताना मधोमध खाच लागल्यासारखी वाटते. बेअरिंग स्वस्त असतं हो, पण ते काढायला बऱ्याच सायकलींत नळ्या सोडाव्या लागतात, मग ब्रेक ब्लीड करावे, म्हणजे नळ्यांतली हवा काढावी, लागतात, आणि मजुरी बेअरिंगच्या कितीतरी पट होते. बादली, मऊ ब्रश आणि हळू सोडलेला पाइप पुरे. पावसाळा संपला की एकदा हेडसेट उघडून ग्रीस भरून घ्या.

मापाचं थोडक्यात. "माझ्या रोड बाईकला ५४ आहे, हिलाही ५४ द्या" असं म्हणू नका. नव्या फ्रेमचा रीच (पुढं हात पोचायचं अंतर) लांब असतो, तेव्हा स्टॅक (पुढची उंची) आणि रीचचे आकडे शेजारी ठेवून बघा. हात पोचत नाही म्हणून सीट पुढं सरकवणारे नंतर गुडघा धरून बसतात. आणि पहिले दोन महिने फोर्कची, म्हणजे हँडल ज्यावर बसतं ती, नळी कापू देऊ नका, स्पेसर (त्या नळीवरच्या कड्या) वर दिसले तर दिसू देत.

गिअरचंही तेच. रेससाठी पुढं ४४ दातांची चेनरिंग येते. जोतिबाच्या डोंगराला ४० लावली म्हणून कोणी हसत नाही. शिमानोच्या जीआरएक्सचा डिरेलर असेल तर चाक काढताना बंद केलेला क्लच (चेन ताणून धरणारा भाग) परत चालू करायला विसरू नका, नाहीतर पहिल्या चाकोरीत चेन उतरते.

ब्रेक किंचाळत असेल तर आधी आठवा, चेनला स्प्रे कुठं उभं राहून मारला. तेलाचा तुषार डिस्कवर गेला की पॅड बहुधा वाया जातात. चेनला थेंबाथेंबानंच तेल घाला. चाक काढून सायकल गाडीच्या डिकीत टाकलीत आणि कुणा पोरानं ब्रेक दाबला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात. त्यासाठी पॅडच्या मधे दुमडलेला पुठ्ठा घाला. मिसळीच्या पार्सलच्या खोक्याचाही चालतो, फक्त कट सांडलेला नको.