रंगारी येण्याआधी: वाचनालयाच्या भिंती उतरवताना

मे महिन्यात वाचनालयाला रंग द्यायचं ठरलं की कार्यकारिणीच्या दोन बैठका रंगाच्या छटेवर जातात. तसबिरी, पुतळे, समया कोणी उतरवायच्या, हे मात्र रंगारी शिडी घेऊन दारात उभा राहिला की आठवतं. म्हणून पंधरा दिवस आधी नोंदवही काढा.

वस्तू जागेवर असतानाच तिचे फोटो घ्या: समोरून, मागून आणि देणगीदाराच्या पाटीचा वेगळा. मागची बाजू टाळू नका. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेलं साल, 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ' हा मजकूर, सगळं तिथेच सापडतं. एकदा आम्ही दोन तसबिरी उतरवून पाट्या एकाच खोक्यात टाकल्या. परत लावताना एकाच्या आजोबांखाली दुसऱ्याच्या आजोबांचं नाव गेलं. दोघांनाही पगडी, दोघांनाही मिशा. पुस्तक बदलायला आलेल्या नातवाने ते ओळखलं, आणि त्यानंतरची दहा मिनिटं मी कपाटाकडे बघत होतो. तेव्हापासून पाटी सुती नाडीने त्याच वस्तूला बांधतो. वस्तूंना पुस्तकांचे दाखल क्रमांक देऊ नका, डेडस्टॉकच्या (फर्निचर, तसबिरी अशा टिकाऊ सामानाच्या) वहीत वेगळी पानं करा. 'दर्शनी भागात लावावे' अशी देणगीदाराची अट असेल तर तीही तिथेच उतरवून घ्या.

दगडी मूर्ती किंवा जुनी पोथी असेल तर वयाचा अंदाज घ्या. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांचं हस्तलिखित पुरावस्तू ठरू शकतं. अशी वस्तू अडगळीत किंवा भंगारात टाकण्याआधी जाणकाराला दाखवा.

उतरवायला दोन माणसं लागतात. फ्रेम वरच्या तारेने उचलू नका, दोन्ही बाजूंनी धरा. चित्रं टेकवून ठेवताना तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावा, मध्ये पुठ्ठा घाला. नाहीतर एकाचा हूक दुसऱ्याच्या रंगात रुततो. प्लास्टरचा अर्धपुतळा मानेला धरून उचलायचा मोह प्रत्येकाला होतो. तो तळाशी हात घालूनच उचला. झाकायला मांजरपाट बरं, प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.

साफसफाईत उत्साह आवरा. तांब्या-पितळेच्या जुन्या मूर्तीला चिंच किंवा लिंबू लावून सोन्यासारखी चकचकीत करणारे सेवक मी पाहिलेत. ते घरच्या पातेल्याला ठीक; मूर्तीचा जुना रंग जातो तो परत येत नाही. कोरडा, मऊ ब्रश पुरे. लाकडी वस्तूखाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड असू शकते, ती वस्तू आधी बाकीच्यांपासून दूर ठेवा.

तात्पुरती जागा निवडताना तळमजला नको, विशेषतः आमच्या नाशकात गोदावरीकाठच्या भांडी बाजार, सराफ बाजाराच्या अंगाला. काम रेंगाळून पावसाळ्यात जाणं नवीन नाही, आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलं यावर नाशिककर पूर मोजतात. २००८, २०१६ आणि २०१९ साली त्या बाजूचे दुकानदार काय उपसत होते ते त्यांनाच विचारा.

परत लावताना भिंत पूर्ण वाळू द्या. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंतीपासून फट राहते आणि हवा खेळते. नाशकात वाइनची बुचं मिळायला अडचण नाही, देणगीदारांना मात्र हे सांगायची गरज नाही. गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र असेल तर ते खिडकीसमोरून हलवा. जलरंगाला साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरतो, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो; मोबाइलवरच्या ॲपने अंदाज येतो.

आणि पाट्यांचे स्क्रू शेवटचे आवळण्याआधी देणगीदाराच्या घरच्या कोणालातरी बोलवा. चहा द्या, पाटी मोठ्याने वाचायला लावा.