परदेशांतील पगार आणि विषमता यांची तुलना करताना या चुका टाळा

रत्नागिरी, खेड, श्रीवर्धन या भागांतील अनेक घरांचा खर्च आखातातून येणाऱ्या पगारावर चालतो, आणि त्याच वेळी रत्नागिरीच्या आंबा बागांत व मच्छीमार नौकांवर नेपाळहून आलेले कामगार राबतात. त्यामुळे कोणत्या देशात किती मिळते, ही चर्चा कोकणात कधी थांबत नाही. मात्र त्या चर्चेतले आकडे बहुधा वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात, आणि तुलना तिथेच फसते.

सर्वांत ढोबळ चूक चलनाच्या नावाची आहे. ओमानचा रियाल सुमारे 2.6 डॉलरांचा, तर सौदी अरेबियात 3.75 रियाल मिळून एक डॉलर होतो. म्हणजे ‘तीनशे रियाल’ एवढेच सांगितल्यास रकमेत जवळजवळ दहापटीचा फरक पडू शकतो. नेपाळच्या बाबतीतही भारतीय एका रुपयाचे 1.60 नेपाळी रुपये हा 1993 पासूनचा स्थिर दर आधी लावावा.

विनिमय दर लावावा की क्रयशक्ती?

बाजारातील विनिमय दराने केलेली तुलना भारतातील स्वस्ताई विचारात घेत नाही. 2017 मध्ये एका डॉलरसाठी सुमारे 65 रुपये पडत होते, पण अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू आणि सेवा भारतात सरासरी 20.65 रुपयांत मिळत होत्या. या दुसऱ्या दरालाच क्रयशक्ती समानतेचा दर म्हणतात. देशांच्या राहणीमानाची तुलना याच दराने करावी, हे खरे. परंतु हा नियम डोळे झाकून दुबईतील नोकरदाराला लावणे हीसुद्धा चूकच आहे, आणि माझ्या मते ती अधिक फसवी आहे, कारण ती शास्त्रशुद्ध दिसते. समजा, पगार 2,000 दिरहम आहे आणि त्यातील 1,200 घरी पाठवले जातात. हे 1,200 दिरहम चिपळूणच्या बाजारात खर्च होणार असल्याने त्यांना विनिमय दरच लागू पडतो; दुबईतल्या भाड्या-जेवणात जाणाऱ्या 800 दिरहमांचे मोल मात्र तिथल्या भावांनीच ठरते. पगाराचे असे दोन भाग केल्याशिवाय उत्तर जुळत नाही, आणि राहण्याची सोय मालकाकडे असल्यास हिशेब पुन्हा बदलतो.

सरासरी कोणाची?

थोड्या लोकांचे प्रचंड उत्पन्न सरासरीला वर ओढते, म्हणून शक्य तिथे मध्यक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा आकडा, पाहावा. अमेरिकेत 2022 मध्ये कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा मध्यक 74,580 डॉलर होता, सरासरी मात्र एक लाख डॉलरांच्या वर होती. दरडोई उत्पन्नाला पगार समजणे तर आणखी धोक्याचे आहे: आयर्लंडचे सकल उत्पादन बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबांमुळे इतके फुगते की त्या देशाने स्वतःसाठी वेगळे सुधारित मोजमाप तयार केले.

शिवाय सरासरी पगाराच्या आकड्यात स्वयंरोजगार करणारे सहसा नसतात. मासळीच्या उत्पन्नातून वाटा घेणाऱ्या तांडेल-खलाशांना कोणत्या रकान्यात बसवणार? ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची आकडेवारी तर अर्धवेळ कामगारांचे वेतनही पूर्णवेळाच्या प्रमाणात वाढवून धरते.

गिनी गुणांकांची सरमिसळ

विषमता मोजणारा गिनी गुणांक शून्याकडे गेला की समानता आणि शंभराकडे गेला की विषमता, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तो कशावरून काढला, हे मात्र विचारले जात नाही. जागतिक बँकेच्या माहितीत 2022-23 साठी भारताचा गुणांक 25.5 आहे आणि अमेरिकेचा 41 च्या आसपास, यावरून भारत फार समान देश आहे असा निष्कर्ष काढला गेला. परंतु भारताचा आकडा कुटुंबांच्या खर्चावरून काढलेला आहे, अमेरिकेचा उत्पन्नावरून. श्रीमंत कुटुंब आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग खर्चच करत नाही, त्यामुळे खर्चातील विषमता सहसा सौम्य दिसते. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार त्याच 2022-23 मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा 22.6 टक्के वाटा होता.

एकाच देशाचे दोन गुणांक जुळत नसतील, तर ते करांपूर्वीचे आहेत की नंतरचे, हे तपासावे. आयर्लंडमध्ये कर आणि सरकारी मदत यांच्या आधीची विषमता बरीच मोठी असते व नंतरची युरोपच्या सरासरीजवळ येते. संपत्तीचा गुणांक तर यात मिसळूच नये. उत्पन्नात बऱ्यापैकी समान असलेला स्वीडन संपत्तीच्या वाटणीत मात्र कमालीचा विषम आहे.