एचआयव्हीचा प्रमोटर पाठ नका करू, स्वतः वाचा

एलटीआर म्हणजे व्हायरसच्या डीएनएच्या टोकाचा तुकडा, त्यातच आरएनए बनवणं सुरू करणारा प्रमोटर असतो. त्याची ती रंगीत चौकोनांची आकृती पाठ करून पेपरात काढता येते, पण एचआयव्ही पेशीत वर्षानुवर्षं गप्प कसा बसतो असं विचारलं की मुलं अडखळतात, हे मी एमएस्सीच्या वर्गात दरवर्षी बघते. म्हणून म्हणते, आकृती बाजूला ठेवा आणि खरा सिक्वेन्स उघडा, फुकट मिळतो आणि तासाभराचं काम आहे.

एनसीबीआय या जनुकांच्या फुकट डेटाबेसवर जाऊन के03455 हा क्रमांक टाका. हा एचएक्सबी2, एचआयव्हीचा नमुना सिक्वेन्स, सगळे ज्याच्यावरून आकडे मोजतात तो, एकूण 9719 अक्षरं. त्यातली पहिली 634 तेवढी कॉपी करून वेगळ्या फाईलमध्ये घ्या, हाच एलटीआर. पूर्ण फाईलमध्ये शोधत बसू नका, कारण व्हायरसच्या दोन्ही टोकांना हाच तुकडा असतो, प्रत्येक गोष्ट दोनदा सापडते आणि डोकं चक्रावतं. डावीकडचा प्रमोटर म्हणून चालतो, उजवीकडच्यात आरएनए संपतो.

आता सगळ्यात आधी शोधायचं ते जी-जी-जी-टी-सी-टी-सी-टी-सी-टी-जी-जी (टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं). 455 च्या आसपास सापडेल, इथून आरएनए सुरू होतो, म्हणजे हा अधिक 1. इथे ठळक खूण करा, पुढचं सगळं इथून मोजायचं. एलटीआरचे तीन भाग असे: डावीकडचं सगळं यू3, उजवीकडे आर आणि मग यू5.

खुणेपासून डावीकडे सरका. 25-30 अक्षरांवर टी-ए-टी-ए-ए दिसेल, तो टाटा बॉक्स, आरएनए बनवणारी यंत्रणा इथे जमते. त्याच्या मागे जी आणि सी ची गर्दी आहे, त्यात एसपी1 हे प्रोटीन बसण्याच्या तीन जागा, पण तिन्ही एकसारख्या नाहीत त्यामुळे सर्च करून मिळणार नाहीत, नजरेनेच बघा. त्याच्याही मागे जी-जी-जी-ए-सी-टी-टी-टी-सी-सी दोनदा येतं, मधे फक्त चार अक्षरं, ह्या एनएफ-कप्पा-बी या चालना देणाऱ्या प्रोटीनच्या जागा. म्हणजे मुख्य यंत्रणा शंभरेक अक्षरांत संपली! त्याच्या मागच्या भागाला जुन्या पुस्तकांत निगेटिव्ह रेग्युलेटरी एलिमेंट म्हणतात, पण तिथे चालना देणाऱ्या प्रोटीन्सच्याही जागा आहेत त्यामुळे नावावर फार जाऊ नका, पहिल्या वाचनात तो भाग सोडला तरी चालेल.

आता हे चालतं कसं ते बघा. टी पेशी शांत असते तेव्हा एनएफ-कप्पा-बी न्यूक्लियसच्या बाहेर आयकप्पाबी या दुसऱ्या प्रोटीनने धरून ठेवलेलं असतं आणि अधिक 1 च्या लगेच पुढे न्यूक-1 नावाचा न्यूक्लिओसोम (प्रोटीन्सभोवती गुंडाळलेला डीएनए) आडवा बसलेला असतो. पेशी जागी झाली की आयकप्पाबी मोडतं, एनएफ-कप्पा-बी आत येऊन बसतं, न्यूक-1 सैल होतो, आरएनए बनवणारं पॉलिमरेज कामाला लागतं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच चुकतात, कारण पॉलिमरेज सुरू झालं तरी साधारण 60 अक्षरांनंतर अडतं, एनईएलएफ आणि डीएसआयएफ ही ब्रेक लावणारी प्रोटीन्स त्याला पुढे जाऊ देत नाहीत.

ही अडलेली जागा हातानेच समजून घ्यायची. अधिक 1 पासूनची 59 अक्षरं कागदावर लिहा, टी च्या जागी यू करा आणि सुरुवातीचे तीन जी शेवटच्या तीन सी समोर आणून आत आत जोड्या लावत जा. केसांच्या पिनेसारखा आकार होतो, हाच टार. 23 ते 25 ला यू-सी-यू चा फुगवटा राहील, व्हायरसचं स्वतःचं प्रोटीन टॅट तिथे धरतं, आणि 30 ते 35 च्या वरच्या वळणाला टॅटबरोबर आलेलं पेशीचं सायक्लिन टी1 हे प्रोटीन धरतं. सायक्लिनचा जोडीदार सीडीके9 हे एन्झाइम, तो मग एनईएलएफ, डीएसआयएफ आणि पॉलिमरेजच्या शेपटीला फॉस्फेट लावतो आणि गाडी सुटते. गंमत म्हणजे उंदराच्या सायक्लिन टी1 मध्ये 261 व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन आहे, एवढ्या एका फरकाने तिथे टॅट जवळजवळ निकामी होतं.

पण टॅट येतं कुठून, तर याच प्रमोटरमधून. चुकूनमाकून जे थोडे पूर्ण आरएनए निसटतात त्यांतून टॅट बनतं, टॅटमुळे अजून आरएनए, त्यातून अजून टॅट. हे चक्र सुरूच झालं नाही तर व्हायरस पेशीच्या डीएनएत तसाच पडून राहतो, आणि एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या नेहमीच्या उपचाराच्या) गोळ्या या पायरीला हातच लावत नाहीत, म्हणून त्या बंद केल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत व्हायरस परत येतो. व्होरिनोस्टॅट हे औषध देऊन झोपलेल्या व्हायरसला उठवून बघितलं, आरएनए वाढला, लपलेल्या व्हायरसचा साठा मात्र घटला नाही.

एचएक्सबी2 झाला की भारतातल्या सी सबटाईपचा (एचआयव्हीच्या सी उपप्रकाराचा) एखादा एलटीआर नक्की उघडा, आपल्याकडे तोच जास्त आहे. त्यात एनएफ-कप्पा-बीच्या बहुतेक वेळा तीन जागा असतात, पण वरचीच अक्षरं सर्च केलीत तर एक निसटेल, कारण ती बऱ्याचदा जी-जी-जी-जी-सी-जी-टी-टी-सी-सी अशी असते, दोन अक्षरं वेगळी. आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरच्या गटाने 2012 मध्ये चार जागांचे व्हायरसही दाखवले आहेत, त्यामुळे तीन मिळाल्या की थांबू नका, टाटा बॉक्सपासून मागे शेवटपर्यंत मोजत जा.