गोव्यातील दिवाणखान्यासाठी टीव्ही निवडताना: प्लाझ्मा, एलसीडी आणि ओएलईडी

दिवाणखान्यासाठी प्लाझ्मा घ्यावा की एलसीडी, हा प्रश्न आता जुना झाला असे वाटेल, कारण नवा प्लाझ्मा टीव्ही कोणत्याही दुकानात मिळत नाही. पायोनियरने २००९ मध्येच या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले, पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवले आणि पुढच्याच वर्षी सॅमसंग व एलजी यांनीही तो मार्ग सोडला. तरीही गोव्यात हा प्रश्न निघतो. आखातातून परतलेल्या कुटुंबांनी त्या काळी आणलेले मोठे प्लाझ्मा संच अनेक घरांत चालू आहेत, आणि सामानासकट विकल्या वा भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांत असे संच भिंतीवर टांगलेले मिळतात. शिवाय प्लाझ्माचे बहुतेक गुणदोष आज ओएलईडी या नव्या प्रकारच्या पडद्यात उतरलेले आहेत, त्यामुळे जुन्या प्रश्नाचे उत्तर नव्या खरेदीलाही लागू पडते.

ते उत्तर टीव्हीच्या जाहिरातीत सापडत नाही. ते आपल्या खोलीच्या उजेडात असते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातील तीन वेळांची पाहणी करावी: सकाळी दहाच्या सुमारास, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान आणि रात्री नेहमीचे दिवे लावल्यावर. टीव्ही जिथे लावायचा तिथे, शक्यतो पडद्याच्याच उंचीवर, एक आरसा किंवा काळी काच धरून नेहमीच्या आसनावर बसावे. त्यात खिडकी, दार किंवा ट्यूबलाइट दिसली, तर तीच उद्या पडद्यावर दिसणार आहे.

फरक कशामुळे पडतो

एलसीडी पडद्यातील द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागच्या दिव्यांचा प्रकाश ते अडवतात किंवा पुढे सोडतात. पूर्वी हे दिवे बारीक फ्लुरोसंट नळ्यांचे असत, आता एलईडीचे असतात. दुकानदार ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो तो म्हणजे एलईडी दिवे लावलेला एलसीडीच, आणि क्यूएलईडी किंवा मिनी एलईडी हेही त्याच कुळातील. प्रकाश अडवणारी ही यंत्रणा कधीच पूर्ण बंद होत नाही. बंद खिडकीच्या फटींतून ऊन झिरपावे तसा थोडा प्रकाश पुढे येतोच, आणि अंधाऱ्या प्रसंगात काळा रंग राखाडी दिसतो. मात्र मागचे दिवे बरेच प्रखर करता येत असल्यामुळे भर उजेडात एलसीडीचे चित्र टिकून राहते.

प्लाझ्मात निऑन व झेनॉन वायूंनी भरलेल्या लाखो सूक्ष्म कोठड्या असतात. विजेने त्या उद्दीपित झाल्या की अतिनील किरण निघतात आणि कोठडीतील फॉस्फर लाल, हिरवा किंवा निळा उजळतो. प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे उजळतो, त्यामुळे काळा रंग गडद येतो, बाजूला बसूनही रंग बदलत नाहीत आणि वेगवान हालचाल स्वच्छ दिसते. ओएलईडीतही प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो आणि पूर्ण विझू शकतो. मात्र तिथे वायूऐवजी सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर असतात. दोघांचा समान दोष असा की पडद्यावर एकच स्थिर आकृती रोज तासन्‌तास राहिली तर तिचा ठसा कायमचा उमटू शकतो. वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी ही याची नेहमीची कारणे आहेत. घरातील आजोबा सकाळपासून बातम्या लावून ठेवत असतील, तर ओएलईडीचा विचार सोडून द्यावा. निवडणुकीच्या दिवसांत कोणते घर त्याला अपवाद असते, हे सांगणे कठीण आहे.

आपली खोली कोणत्या जातीची

राजांगण, म्हणजे घराच्या मधले उघडे अंगण, असलेल्या जुन्या हिंदू घरांच्या वसरीत (भोवतालच्या ओसरीत) उजेड दिवसभर आडव्या दिशेने येत राहतो. टीव्हीचे तोंड राजांगणाकडे असेल तर त्याचे प्रतिबिंब पडद्यावर सतत दिसते. पाठ राजांगणाकडे असेल तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि चित्र काळवंडल्यासारखे वाटते. पडदा राजांगणाला काटकोनात येईल अशी भिंत निवडणे, हा येथे टीव्हीच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा निर्णय आहे. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या ज्या घरांत टिकून आहेत, तिथली गोष्ट वेगळी आहे. त्या खिडक्यांतून येणारा प्रकाश मऊ व पसरलेला असतो, त्यामुळे पडद्यावर खिडकीची ठळक प्रतिमा पडत नाही, पण संपूर्ण पडद्यावर एक फिकट झिलई चढते. अशा खोलीत चकचकीत काचेपेक्षा मंद, न चमकणाऱ्या पृष्ठभागाचा एलसीडी अधिक उपयोगी पडतो.

किनाऱ्यालगतच्या पश्चिमाभिमुख सदनिकांत समुद्र दिसावा म्हणून मोठी काचेची दारे ठेवलेली असतात आणि संध्याकाळचे तिरपे ऊन थेट समोरच्या भिंतीवर येते. त्या भिंतीवर जुना प्लाझ्मा लावला तर काचेत अरबी समुद्र दिसेल, मालिका दिसणार नाही. ओएलईडीही तिथे फारसा बरा ठरत नाही. येथे प्रखर उजेडाचा मिनी एलईडी किंवा चांगला क्यूएलईडी घ्यावा, नाहीतर जाड पडद्यांसाठी वेगळे पैसे राखून ठेवावेत. याउलट, मुख्यतः रात्री जेवण आटोपल्यावर चित्रपट पाहणारे किंवा युरोपातील क्लबांचे फुटबॉल सामने मध्यरात्रीपर्यंत पाहणारे घर असेल आणि दिवे मंद करता येत असतील, तर ओएलईडीवर खर्च केलेला जादा पैसा प्रत्येक वेळी डोळ्यांना जाणवतो. फुटबॉलसाठी पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा, १२० हर्ट्‌झ आहे का, हे जरूर विचारावे.

बसण्याची रचनाही पाहावी. चवथीला (गणेश चतुर्थीला) किंवा अन्य कार्याला घर भरते तेव्हा निम्मी माणसे बाजूला बसलेली असतात. एलसीडीत आयपीएस आणि व्हीए असे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीएचा काळा रंग अधिक गडद असतो, पण बाजूने पाहता रंग फिके पडतात. आयपीएसचे याच्या उलट असते. दोघेतिघे समोरच्या सोफ्यावर बसत असतील तर व्हीए, आणि खोली लांबट असून खुर्च्या भिंतीला लावलेल्या असतील तर आयपीएस घ्यावा. विक्रेत्याला प्रकार सांगता आला नाही तर पडद्याच्या बाजूला जाऊन तिरक्या कोनातून माणसाच्या चेहऱ्याचा रंग पाहावा. एवढ्याने पुरेसे कळते.

आकाराबाबत फार चर्चेचे कारण नाही. पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट ते दुप्पट अंतरावर बसणे सुखद असते. ५५ इंची पडद्याचा कर्ण सुमारे १४० सेंटिमीटर असतो, म्हणजे दोन ते पावणेतीन मीटरचे अंतर त्याला योग्य. पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असल्याने तेवढ्या मापाचा कागद भिंतीवर चिकटवून एक दिवस राहू द्यावा. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वीच्या किमती मनात धरून घासाघीस करू नये.

जुना प्लाझ्मा ठेवावा का

घरात चालू असलेला प्लाझ्मा केवळ जुना झाला म्हणून काढू नये. एचडीएमआय जोडणी असेल तर स्ट्रीमिंग स्टिक लावून त्यावर आजचे कार्यक्रम पाहता येतात, आणि अंधाऱ्या खोलीतील त्याचे चित्र अनेक स्वस्त एलसीडींपेक्षा सरस असते. वीज मात्र तो जास्त खातो. ३०० वॉट घेणारा प्लाझ्मा रोज पाच तास चालला तर महिन्याला ४५ युनिट होतात, तर १०० वॉटच्या एलसीडीला १५ युनिट पुरतात. प्रत्येक संचाचा आकडा त्याच्या मागच्या पट्टीवर छापलेला असतो, त्यावरून आपला हिशेब करावा.

जुना प्लाझ्मा विकत घेणे ही वेगळी बाब आहे, आणि माझे मत स्पष्टपणे त्याच्या विरोधात आहे. पॉवर सप्लायमधील कपॅसिटर बदलून देणारा कारागीर म्हापशात किंवा मडगावात मिळेल, पण पडदा किंवा त्याला चालवणारे बोर्ड गेले तर नवे सुटे भाग येणार कुठून? अनेक ४२ इंची संचांची बिंदुसंख्या १०२४ गुणिले ७६८ एवढीच असते, हेही ध्यानात ठेवावे. फुकट मिळत असेल तर पांढरे चित्र लावून पडद्यावर जुने ठसे आहेत का ते पाहावे, आणि वाहतूक संच उभा ठेवूनच करावी. मागचे झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आत धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

दमट हवा, वीज आणि चिऱ्याची भिंत

पावसाळ्यात गोव्यातील हवेची आर्द्रता अनेक दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते आणि किनाऱ्याजवळ तिच्यात क्षारांची भर पडते. अशा हवेत बंद पडून राहिलेला टीव्ही चालू टीव्हीपेक्षा लवकर बिघडतो. म्हणून घर बंद नसेल तर पावसाळ्यात तो रोज थोडा वेळ लावावा, आणि भिंत ओलावा धरणारी असेल तर टीव्हीच्या मागे हवा खेळण्याइतके अंतर ठेवावे. मागच्या हवेच्या फटींतून मुंग्या आणि पालीची पिल्ले आत शिरतात. कीटक, पाणी, वीज पडणे आणि व्होल्टेजची चढउतार यांमुळे झालेले नुकसान वॉरंटीत सहसा धरले जात नाही, तेव्हा वॉरंटीच्या कागदातील ते कलम पैसे देण्याआधी वाचावे.

गडगडाटाचा धोका मे अखेरच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विशेष असतो. आभाळ दाटले की केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. विजेचा प्लग, डिशची केबल आणि इंटरनेटची तार अशा तिन्ही वाटा तोडाव्यात, कारण विजेचा झटका अनेकदा छपरावरील डिशच्या केबलमधूनच आत येतो. आधुनिक संच बऱ्याच कमीजास्त व्होल्टेजवर चालतात. मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल तर स्टॅबिलायझरपेक्षा चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारे उपकरण) आणि योग्य अर्थिंग यांवर खर्च करावा.

जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) असून सांधे बहुधा मातीचे असतात. चिरा सच्छिद्र असल्यामुळे छोटा प्लास्टिकचा प्लग त्यात सैल होतो, आणि सांध्यात ठोकलेला खिळा तर काही धरतच नाही. ब्रॅकेटसाठी भोके चिऱ्याच्या मध्यभागी पाडावीत, लांब अँकर वापरावेत, आणि भिंत भुसभुशीत वाटली तर आधी जाड लाकडी फळी अनेक ठिकाणी पक्की करून तिच्यावर ब्रॅकेट बसवावा. पन्नास इंची प्लाझ्माचे वजन तीस किलोंच्या पुढे जाऊ शकते, आजच्या त्याच आकाराच्या एलसीडीचे त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. जुन्या प्लाझ्माला टेबलच बरे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर यावा.

दुकानात गेल्यावर प्रखर रंगांचा प्रात्यक्षिक मोड बंद करून सिनेमा मोड लावायला सांगावे आणि आपल्याला हवी असलेली वाहिनी किंवा सामना लावून पाहावा, कारण प्रात्यक्षिकाच्या चित्रफिती मुद्दाम निवडलेल्या असतात. पणजीतील झगझगीत दालनात सगळेच संच उजळ दिसतात. तिथे केलेली तुलना आपल्या खोलीतील पाहणीशी ताडून पाहावी. चवथीच्या सवलतीत घेत असाल तर ब्रॅकेट, जोडणी आणि गावापर्यंतची पोच किमतीत आहे का ते बिलावर लिहून घ्यावे. संच घरी आल्यावर तो आणणाऱ्या माणसासमोरच चालू करावा आणि एकदा पूर्ण पांढरे, एकदा पूर्ण काळे चित्र लावून मेलेले बिंदू व काचेवरील तडे तपासल्याशिवाय पोच-पावतीवर सही करू नये.