वराहपालनातला वास आणि गावाच्या तक्रारी: या चुका टाळा

डुकराच्या अंगाला फारसा वास नसतो. वास सुटतो तो विष्ठा, मूत्र आणि पाणी एकत्र साठून कुजतं त्यातून. म्हणून फिनाईल ओतून वास जात नाही, तासाभरापुरता झाकला जातो एवढंच.

सर्वांत मोठी चूक रोज सकाळी होते. विष्ठा न उचलता थेट पाइप लावून कप्पे धुतले जातात. सगळा लगदा नालीत जातो, तिथे हवेविना सडतो आणि मग सडक्या अंड्यासारखा वास येत राहतो. आधी फावड्याने कोरडं खरडून उचला, धुणं त्यानंतर, तेही मोजक्या पाण्याने. शिवाय मूत्रातला युरिया आणि विष्ठेतलं युरिएज हे विकर एकत्र आले की काही तासांत अमोनिया तयार होतो. जमिनीला दर मीटरला दोन-तीन सेंटिमीटर उतार दिलात तर मूत्र लगेच वेगळं वाहून जातं. शेड बांधतानाच हा उतार काढावा, नंतर तो महागात पडतो.

ओल्या विष्ठेवर चुना टाकण्याची पद्धत तर सरसकट दिसते. पण चुन्याने अल्कता वाढते आणि विष्ठेतला अमोनिया उलट जोरात बाहेर पडतो. चुना रिकाम्या, धुतलेल्या कप्प्याच्या निर्जंतुकीकरणासाठी आहे.

डुक्कर घाणेरडं असतं असं म्हणणाऱ्यांनी त्याला नीट पाहिलेलं नसतं. जागा मिळाली की ते कोरड्यात झोपतं आणि एका ओल्या, थंड कोपऱ्यात विष्ठा टाकतं. मात्र त्याला माणसासारखा घाम येत नाही. एप्रिल-मे महिन्यात किंवा दाटीवाटीत ते अंग थंड ठेवायला स्वतःच्याच घाणीत लोळतं, आणि मग वास अख्ख्या कळपाच्या अंगावरून येतो. मोठ्या वाढलेल्या डुकराला किमान एक चौरस मीटर मोकळी जागा, सावली आणि दुपारी फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) द्या. पाण्याचं निपल (डुकरं तोंड लावून पितात ती तोटी) विष्ठेच्या कोपऱ्यातच बसवा, म्हणजे झोपायची बाजू कोरडी राहील.

उचललेल्या विष्ठेचा नुसता ढीग लावू नका. तिच्यात नत्र जास्त, कर्ब कमी. उसाचं पाचट, भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळून कर्ब-नत्र प्रमाण 25 ते 30 ला 1 असं आणा. मूठभर मिश्रण दाबल्यावर पाणी गळलं, तर अजून भुसा हवा. ढीग आतून तापला की माश्यांच्या अळ्याही मरतात. उन्हाळ्यात माशीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं, त्यामुळे आठवडाभर एखादा कोपरा विसरून चालत नाही.

खाद्यात गरजेपेक्षा जास्त प्रथिनं दिली तर तीही मूत्रावाटे नत्र होऊन बाहेर पडतात. पैसा जातो, वास वाढतो. हॉटेलचं खरकटं आंबट होईपर्यंत पिंपात ठेवू नका, आणि न उकळता तर देऊच नका. 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग भारतात पहिल्यांदा आसाम-अरुणाचलात आढळला. त्यावर औषध नाही आणि खरकटं ही त्याची एक वाट आहे.

थंडीत संध्याकाळी आणि पहाटे हवा जमिनीलगत साचते, वास पांगत नाही. मलमूत्राचा हौद ढवळणं, खत उपसणं उन्हं चढल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान करा. सप्ताह, यात्रा, शेजारचं लग्न यांच्या तारखा आधीच विचारून घ्या. आणि हौदात कुणालाही उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू दाट झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असं समजणारा माणूस जीव गमावतो.

शेजारी तक्रार करतो तेव्हा त्याला शत्रू ठरवणं हीदेखील मोठी चूक. काहींना मुळात धंदाच खुपतो, हे खरं. तरीही तो सांगतो त्या वेळी त्याच्या अंगणात जाऊन उभे राहा, आणि बाहेरचं कुणी सोबत न्या, कारण तुमचं नाक सरावलेलं असतं. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, त्या दिवशीचं काम वहीत लिहा. दोन-तीन नोंदींतच कारण सापडू लागतं. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात.

सांडपाणी ओढ्यात सोडलंत तर मात्र गाव माफ करणार नाही, आणि करूही नये. पावसाळ्याआधी आणि नंतर जवळच्या विहिरीचं पाणी तपासा, अहवालाची एक प्रत शेजाऱ्याच्या हातात द्या.