वायफायचे नवीन एपी घेण्याआधी आहेत तेवढे नीट सांभाळा

आपल्याकडे जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर कुठंही बघा, कॅमेरे लावायला जो माणूस येतो त्यालाच मालक शेवटी म्हणतात, भाऊ वायफायचं पण तूच बघून घे. मग तो एक एपी (अॅक्सेस पॉइंट, वायफाय सोडणारा डबा) लावतो, तक्रार आली की दुसरा, मग जिन्यात तिसरा, असं करत करत एका मंगल कार्यालयात डझनभर एपी होतात आणि तरी काउंटरवरचा पोरगा म्हणतोच, "रेंज तं फुल आहे भो, पन नेट चालून नाही राहिलं." हे अशा लोकांसाठी लिहितोय ज्यांच्याकडे पाच ते वीस एपी आहेत आणि आयटी डिपार्टमेंट म्हणजे ते स्वतःच. माझं म्हणणं एवढंच की रेंज फुल असून नेट चालत नसेल तर एपी कमी पडलेले नसतात, बहुतेक वेळा ते एकमेकांच्या आवाजात बोलत असतात. त्यामुळं खरेदी नंतर, आधी खालची कामं.

सगळ्यात आधी यादी. कंटाळवाणं काम आहे पण याच्याशिवाय पुढं काही होत नाही. एक एक्सेल शीट घ्या आणि प्रत्येक एपीचं नाव, जागा, कंपनीनं त्याला दिलेला मॅक अ‍ॅड्रेस, आयपी, स्विचचा (सगळ्या वायरी जिथं जुळतात तो डबा) कितवा पोर्ट, चॅनल, पॉवर, कधी लावला एवढं लिहा. एपी वर चढवायच्या आधी मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, नंतर बारा फुटाच्या शिडीवर चढून मॅक वाचायची वेळ येते. नाव पण जागेवरून द्या, 'तळमजला-काउंटर', 'जिना-१', 'भटारखाना' असं, मॉडेल नंबरवरून नको. आयपी राऊटरमधून रिझर्व्ह करा, म्हणजे एपीचा पत्ता कायम तोच राहतो. आणि वायरच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, एकाच टोकाला लावलेलं लेबल काही कामाचं नाही.

कंट्रोलर, म्हणजे सगळे एपी एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर किंवा डबा. दोन एपी असतील तर एकेकाच्या पेजवर जाऊन सेटिंग केलं तरी चालतं, त्याच्यावर गेले की कंट्रोलर हवाच, कारण पासवर्ड बदलायचा म्हटलं की सात ठिकाणी बदला आणि एका ठिकाणी राहतोच. ओमाडा (टीपी-लिंकचं), युनिफाय (युबिक्विटीचं) वगैरेचं कंट्रोलर सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरवर फुकट चालतं, नाहीतर छोटा डबा मिळतो तो घ्या. कंट्रोलर बंद पडला तर नेट बंद पडतं का हे सगळे विचारतात. तर नाही, या दोन्हीत एपी आपलं आपलं चालू राहतात, फक्त गेस्टचं लॉगिन पेज, रिपोर्ट, नवीन सेटिंग असली कामं अडकतात. खरा घोळ वेगळा आहे. कंट्रोलरचा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला आणि बॅकअप नसेल तर एपी नवीन कंट्रोलरला सहजासहजी जुळत नाहीत, एकेकाला पिन खुपसून रिसेट मारावा लागतो. म्हणून बॅकअप ऑटो लावा आणि त्याची कॉपी दुसऱ्या ठिकाणी ठेवा, त्याच कॉम्प्युटरवर ठेवलेला बॅकअप त्याच्याबरोबरच जातो. कंट्रोलरमध्ये देश इंडिया निवडलाय ना तेही बघा.

आता चॅनल, म्हणजे एपी हवेत ज्या पट्टीवर बोलतो ती, आणि इथं जरा वेळ काढा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल दिसतात पण एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. काही जण शेजाऱ्याचा त्रास नको म्हणून ३ किंवा ८ वर टाकतात, त्यानं दोन्ही बाजूंचा त्रास अंगावर घेतला जातो, कारण एकाच चॅनलवरचे एपी निदान एकमेकांचं ऐकून थांबतात, अर्धवट चढलेले थांबत पण नाहीत, नुसता गोंगाट करतात. विड्थ, म्हणजे चॅनलची रुंदी, इथं २० मेगाहर्ट्झच, ४० केलं की तीनपैकी दोन चॅनल एकट्यानं खाल्ले. शेजारशेजारचे एपी वेगळ्या चॅनलवर, आणि वरच्या मजल्याचा पण विचार करा, स्लॅबमधून सिग्नल खाली येतोच. चौथा, पाचवा एपी जवळजवळच असेल तर त्याचा २.४ रेडिओ सरळ बंद करा. लोकांना हे पटत नाही, पैसे देऊन घेतलेलं बंद कसं करायचं म्हणतात, पण करून बघा.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, २०१८ मध्ये सरकारनं हा बँड बराच मोकळा केला. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे बिनत्रासाचे. मधले ५२ पासून १४४ पर्यंतचे डीएफएसवाले, म्हणजे रडारचा सिग्नल जाणवला की एपीला तो चॅनल सोडावा लागतो, आणि अशा चॅनलवर बसण्याआधी निदान ६० सेकंद गप ऐकत बसावं लागतं. काही जुने टीव्ही आणि स्वस्त डब्बे हे चॅनल बघत पण नाहीत. एपी कमी असतील तर डीएफएसच्या नादी लागू नका, जास्त असतील तर वापरावेच लागतात. विड्थ ४० ठेवा. ८० केलं की स्पीड टेस्टमध्ये आकडा मोठा दिसतो, मालक खूश होतो, आणि लग्नाच्या दिवशी सगळं बसतं. ऑटो चॅनल वाईट नाही, पण दिवसा गर्दीत त्याला चॅनल बदलू देऊ नका. रात्री स्कॅन लावा, दोन-चार दिवस काय निवडतोय ते बघा, मग तेच फिक्स करा.

पॉवर. सगळीकडे 'हाय' किंवा 'ऑटो' ठेवलेलं असतं आणि ऑटो पण बऱ्याचदा हायच निघतं. एपी म्हणजे गावातला भोंगा समजा, त्याचा आवाज शिवारापर्यंत जातो, पण शिवारातल्या माणसानं उत्तर दिलं तर भोंग्याला ऐकू येत नाही. फोनचा रेडिओ एपीपेक्षा कमकुवत असतो, म्हणून फोनवर काड्या फुल दिसतात आणि फोन जे पाठवतो ते पोचतच नाही. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, त्याचा हिशोब सोपा आहे, २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, ३ कमी केले की पॉवर निम्मी, म्हणजे १७ ला ५० मिलिवॅट. मी ५ गिगाहर्ट्झ १७ च्या आसपास ठेवतो आणि २.४ त्याच्यापेक्षा सहाएक डीबीएम खाली, कारण २.४ लांब जातो आणि तेवढीच पॉवर ठेवली तर फोन त्यालाच चिकटतात. मग अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाका आणि चालत फिरा. लोक जिथं खरंच बसतात तिथं उणे ६५ ते ६७ डीबीएम मिळालं की बस, व्हॉट्सअ‍ॅप कॉल पण नीट चालतो. गच्चीच्या कोपऱ्यात उणे ८० असेल तर असू द्या, तिथं कोण बसतंय.

फोन एका एपीवरून दुसऱ्यावर कधी जाणार हे फोन ठरवतो, एपी नाही. म्हणून सगळ्या एपींवर वायफायचं नाव, पासवर्ड, सिक्युरिटी अगदी सेम हवी. 'ऑफिस१', 'ऑफिस२' असली नावं ठेवली की फोन पहिल्यालाच चिकटून मागच्या गोडाऊनपर्यंत ओढत नेतो. ८०२.११के आणि ८०२.११व्ही या सेटिंग चालू करा, फोनला जवळचा एपी कुठला ते कळतं. ८०२.११आर (एपी बदलताना जोडणी पटकन करणारं सेटिंग) मात्र आधी एका रात्री तपासून मगच, जुने बारकोड स्कॅनर आणि प्रिंटर त्याच्यावर रुसतात. एवढं करूनही फोन सोडतच नसेल तर मिनिमम आरएसएसआय (याच्यापेक्षा सिग्नल कमी झाला की एपी फोनला सोडतो) उणे ७८ वगैरे टाका, पण पॉवर आणि चॅनल झाल्यावर, आधी नाही, नाहीतर कडेचा माणूस नुसता जोडला-तुटला करत बसतो. जुने १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे रेट बंद केले तर हवा बरीच मोकळी होते. नावं पण जास्त नकोत. प्रत्येक एपी प्रत्येक नावाची हाक सेकंदाला साधारण दहा वेळा देतो आणि ती सगळ्यात हळू रेटनं देतो, त्यामुळं स्टाफ, गेस्ट आणि फार तर कॅमेरा-प्रिंटर, तीन बस. मालकाच्या मेहुण्यासाठी वेगळं नाव काढू नका.

गेस्टचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरीवरचं वेगळं नेटवर्क), क्लायंट आयसोलेशन (गेस्टचे फोन एकमेकांना दिसू नयेत म्हणून) चालू, माणशी स्पीडला लिमिट. लगीनसराईत एक हमखास तक्रार येते की वायफाय जोडलं जातं पण आयपी मिळत नाही. साध्या राऊटरच्या पूलमध्ये, म्हणजे आयपी वाटायच्या साठ्यात, फार तर २५३-२५४ पत्ते, त्यात लीज (दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ते) २४ तासांची, म्हणजे सकाळी हळदीला येऊन गेलेल्यांचे पत्ते संध्याकाळच्या वरातीपर्यंत अडकलेले. गेस्टची लीज एक तास करा आणि पूल मोठा करा, मिटलं. मॅक फिल्टरवर मात्र भरवसा ठेवू नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून बहुतेक फोन आपणहून खरा मॅक दाखवत नाहीत. जुना राऊटर एपी म्हणून लावला असेल तर त्याचा डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद, आयपी बदललेला आणि वायर लॅन पोर्टमध्ये, हे तिन्ही बघा, अख्खं नेटवर्क गंडवायला असा एक राऊटर पुरतो.

वायर आणि करंट. स्वस्त केबल म्हणून सीसीए, म्हणजे वरून तांबं आतून अ‍ॅल्युमिनियम, खपवतात. पीओईला (नेटवर्कच्या वायरीतूनच एपीला करंट देणं) ती नको, तापते आणि लांब गेली की व्होल्टेज पडतं. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स घ्या आणि १०० मीटरच्या आत ठेवा. कंट्रोलरमध्ये एखादा एपी १०० एमबीपीएसवर जोडलेला दिसला तर एपीला शिव्या देऊ नका, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एक तुटली की तो १०० वर येतो, वायरीच्या टोकाचा कनेक्टर परत क्रिंप करा. पीओई स्विचचं टोटल बजेट वाचा, ६० वॅट असेल तर १५ वॅट खाणारे चारच एपी चालणार, पोर्ट कितीही असोत. काही जुने एपी २४ व्होल्ट पॅसिव्हवाले (समोर काय आहे ते न तपासता सरळ करंट सोडणारे) असतात, त्यांचा इंजेक्टर (वायरीत करंट घालणारा डबा) भलत्याच डिव्हाइसला लावला तर डिव्हाइस जळू शकतं, त्या इंजेक्टरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. लाईटचं आपल्याकडे माहितीच आहे, स्विच, राऊटर आणि फायबरचा डबा तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. दोन बिल्डिंगच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची वायर नको, पावसाळ्यात वीज कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट जातात, फायबर टाका.

आणि आपला उन्हाळा. बहुतेक इनडोअर एपीच्या डेटाशीटवर ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं, भुसावळला मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढं जातो, मग पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याखाली काय होत असेल बघा. दुपारी १२ ते ५ एपी आपोआप रिस्टार्ट होतोय आणि रात्री ठणठणीत, असं दिसलं की उष्णताच. पत्र्यापासून चार-पाच फूट खाली भिंतीवर घ्या किंवा आउटडोअर मॉडेल लावा. जिनिंगमध्ये तर आउटडोअर बंद बॉडीचाच, जाळीवाल्यात रुई भरते.

रावेर-सावद्याकडं केळीच्या कामात अजून एक गंमत आहे. गोडाऊन रिकामं असताना मोजून घेतलं, सगळीकडं मस्त रेंज, आणि माल भरला की निम्म्या जागेत काहीच नाही. केळीत पाणीच पाणी आणि पाणी सिग्नल पितं, त्यामुळं मोजणी माल भरलेला असतानाच करा. केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरचे पफ (मध्ये फोम भरलेले) पॅनल दोन्ही बाजूंनी पत्र्याचे, बाहेरचा एपी आत जाणारच नाही, पॉवर कितीही वाढवा. आत टेंपरेचरचा वायफाय सेन्सर असेल तर आत छोटा आउटडोअर एपी लावा, दमट हवा असते म्हणून, आणि वायरचं भोक सिलिकॉननं नीट बंद करा नाहीतर पिकवायचा गॅस बाहेर येतो आणि चेंबरवाला तुमच्या नावानं ओरडतो.

चालू झाल्यावर आठवड्यातून एकदा कंट्रोलर उघडून तीन गोष्टी बघा. कुठल्या एपीवर किती लोक (डब्यावर शंभराच्या वर लिहिलेलं असतं, मी तीसच्या पुढं गेला की विचार करतो), चॅनल युटिलायझेशन (चॅनल किती वेळ भरलेला असतो), आणि कोण रिस्टार्ट झाला. युटिलायझेशन रिकाम्या हॉलमध्येच ५० टक्क्यांच्या वर असेल तर आधी शेजाऱ्याचे आणि मग स्वतःचे एपी तपासा. नवीन फर्मवेअर (एपीच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं की सगळ्यांवर एकदम टाकू नका, कोपऱ्यातल्या एकावर टाकून आठवडाभर बघा, मग बाकीचे, आणि लग्नाच्या तिथी असतील त्या आठवड्यात हातच लावू नका. कंट्रोलरचा पासवर्ड, एपीचा पासवर्ड आणि ती एक्सेल शीट यांची प्रिंट मालकाच्या कपाटात बंद पाकिटात ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी दुसऱ्या कोणाला रिसेटची पिन शोधावी लागणार नाही.