नवीन स्लायडिंग मायटर सॉ काटकोनात कापत नाहीये? स्क्रू पिळायच्या आधी या चुका टाळा

नवीन मायटर सॉ (फळ्या हव्या त्या कोनात कापायचं यंत्र) आली की पहिल्या तासाभरात माणूस काय करतो ते मला चांगलं माहितीये, कारण मी पण तेच केलं होतं. खोकं फाडलं, मॅन्युअल बाजूला टाकलं, प्लग लावला आणि हाताला लागली ती फळी कापली. मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघितलं तर एका टोकाला उजेड दिसतोय. झालं, ॲलन की घेऊन फेन्सचे (फळी जिला टेकवतात त्या मागच्या उभ्या पट्टीचे) बोल्ट सैल केले आणि अख्खा रविवार त्यात घालवला. संध्याकाळी कळलं की मशीन बरोबरच होती, माझा गुण्याच बाद होता, आणि आता बरोबर असलेली मशीन पण मी बिघडवून ठेवली होती.

त्यामुळे आधी गुण्या तपासा, फुकटात होतं. एमडीएफचा एक तुकडा घ्या ज्याची एक कड नक्की सरळ आहे, त्या कडेला गुण्या टेकवून टोकदार पेन्सिलने रेघ मारा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या ठीक. वर जाता जाता फाकल्या तर जेवढ्या फाकल्यात त्याच्या निम्मी चूक गुण्याची आहे. डिजिटल अँगल गेज वापरणाऱ्यांनी पण हुरळून जाऊ नका, ते आधी मशीनच्याच टेबलवर ठेवून शून्य करायचं आणि मग पात्याला चिकटवायचं. बेंचवर किंवा जमिनीवर शून्य केलंत तर आकडा झकास दिसेल पण त्याला काही अर्थ नसेल.

आता मशीनकडे. पुढचं सगळं काम प्लग काढून करायचं. बंद आहे म्हणून लावलेलाच राहू दे, असं नाही. पात्याला हात लागणार आहे, पातं हाताने फिरवायचंय, त्यामुळे प्लग डोळ्यासमोर दिसेल असा काढून ठेवा.

सुरुवातीलाच घाबरवणारी एक गोष्ट सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं की मशीन फळी पूर्ण कापतच नाही, खाली दोन-चार मिमी शिल्लक राहतं, पीस डिफेक्टिव्ह आलाय. बहुतेक वेळा तो डेप्थ स्टॉप असतो. फळीत अर्धवट खोलीची खाच पाडायला दिलेला असतो आणि खोक्यातून येताना कधीकधी लागलेलाच असतो. तो बाजूला सारला की प्रश्न मिटला. तसंच डोकं (मोटर आणि पात्याचा भाग) वर येत नसेल तर ट्रान्सपोर्टची पिन काढायची राहिलीये, आणि पुढेमागे सरकत नसेल तर ते ज्यावर सरकतं त्या रॉडवरचा लॉक नॉब सैल करायचा राहिलाय. जोर लावू नका.

मग बेंच. याच्याकडे कोणी बघत नाही आणि खरी मेख इथेच असते. बेंचचा वरचा भाग जरा जरी वेडावाकडा असेल आणि तुम्ही मशीनचे चारही बोल्ट करकचून आवळले तर बेस पिळला जातो, आणि मग तुम्ही वर कितीही सेटिंग करा, टेबलच तिरकं आहे. मशीन आधी नुसती ठेवून बघा, डुगडुगत असेल तर ज्या पायाखाली फट आहे तिथे पातळ पाचर सारा आणि मगच बोल्ट आवळा. मागे जागा पण सोडा, रॉड मागे सरकणारं मॉडेल असेल तर भिंतीला आपटतात.

यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी फेन्स सरळ आहे का ते बघायचं, मग पातं आणि फेन्सचा काटकोन, मग पातं आणि टेबलचा काटकोन, मग ४५ अंशाचे स्टॉप, आणि शेवटी कोन दाखवणारे काटे आणि लेझर. लोक लेझरपासून सुरुवात करतात कारण ते लाल दिसतं आणि मजा वाटते. फेन्स हलली की काटे आणि पातं बदललं की लेझर परत लावावं लागतं, त्यामुळे त्यांना सगळ्यात शेवटीच हात लावा.

फेन्सचे डावा आणि उजवा असे दोन भाग असतात, दोघांवर मिळून एक लांब सरळपट्टी टेकवा. मधे किंवा टोकाला उजेड दिसला तर दोन्ही भाग एका रेषेत नाहीत, आणि अशा फेन्सवर डावीकडून कापलेला तुकडा आणि उजवीकडून कापलेला तुकडा कधीच जुळणार नाही.

आता पातं आणि फेन्स. मायटर, म्हणजे फिरणारं टेबल, शून्याच्या खाचेत बसवा, हँडल लॉक करा, डोकं खाली घ्या आणि गुण्याची एक बाजू फेन्सला, दुसरी पात्याला. इथे हमखास होणारी चूक म्हणजे गुण्या दाताला टेकवणं. कार्बाइडचे दात पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड असतात, त्यामुळे गुण्या दातावर चढला की पत्र्यावर नसलेली फट दिसते आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करायला बसता. दोन दातांच्या मधे, सपाट पत्र्यालाच टेकवा. फट असेल तर काही मशीनमधे फेन्सचे बोल्ट सैल करून फेन्स फिरवायची असते, काहींमधे खाचांची प्लेट स्क्रू सैल करून सरकवायची असते. तुमच्यात कुठलं आहे ते मॅन्युअलमधे बघा, बाजूला टाकलेलं ते आता उचला. आणि बोल्ट आवळले की परत मोजा, कारण आवळताना फेन्स हमखास कणभर सरकते. एकदम एकच बोल्ट पूर्ण आवळू नका, सगळे थोडे थोडे आवळा.

पात्याचा उभा काटकोन तसाच, फक्त गुण्या टेबलवर उभा करायचा आणि बेव्हलचा, म्हणजे पातं बाजूला कलवण्याचा, स्टॉप बोल्ट फिरवायचा. शून्याचा आणि ४५ चा स्टॉप वेगवेगळा असतो, एक लावला म्हणजे दुसरा आपोआप लागत नाही.

आता हे सगळं गुण्याने केलं तरी माझा विश्वास कापलेल्या लाकडावरच. साधारण २५० मिमी रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली जाडसर फळी घ्या. मधोमध कापा. एक तुकडा तसाच ठेवा, दुसरा पालथा करा म्हणजे वरची बाजू खाली, आणि दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोकं एकमेकांना भिडवा. वरून बघताना एका टोकाला फट दिसली तर फेन्सचा काटकोन चुकलाय. आडवं वाकून बाजूने बघताना वर किंवा खाली फट दिसली तर बेव्हल चुकलाय. एकाच कापात दोन्ही कळतं, आणि फट दुप्पट होऊन दिसते त्यामुळे डोळ्यांना पण सोपं. २५० मिमीला १ मिमी फट म्हणजे खरी चूक अर्धा मिमी, अंशात ०.१ च्या जरा वर. कडा समांतर नसतील तर मात्र ही टेस्ट खोटं बोलते.

एवढं बारीक कशाला असं वाटत असेल तर चौकट करून बघा. ४५ अंशाचे आठ काप असतात, प्रत्येकात पाव अंश चूक त्याच दिशेला असेल तर शेवटच्या कोपऱ्यावर २ अंश जमा होतात, आणि ५० मिमी रुंद पट्टीला तिथे जवळपास अडीच मिमीची फट उघडते. ती पुटीने भरता येते हो, पण दिसते.

सेटिंग बरोबर असूनही काप वाकडा येतोय? मग मशीन सोडून दुसरीकडे बघा. फेन्सच्या बुडाशी भुशाचा एक दाणा अडकला तरी फळी तिरकी बसते, दर कापाआधी ब्रश मारा. लांब फळीचं दुसरं टोक हवेत लोंबत असेल तर ती उचलली जाते, टेबलच्याच उंचीचा आधार द्या. आणि हात. हँडल बाजूला रेटत कापायची सवय असली की पातं वाकतं, रॉड पूर्ण बाहेर आलेले असताना तर जास्तच. पाते पूर्ण स्पीडला येऊ द्या, सावकाश कापा, आणि थांबल्यावरच डोकं वर उचला.

सरकवायची दिशा तर पाठच करा: डोकं वर ठेवून आपल्याकडे ओढायचं, मग खाली आणायचं, मग फेन्सकडे ढकलत कापायचं. उलटं, म्हणजे ओढत कापायला गेलात तर पातं फळीवर चढून सरळ तुमच्या अंगावर येऊ बघतं. हात पात्यापासून किमान १५० मिमी लांब, दोन्ही हातांची फुली करून धरायचं नाही, छोटा तुकडा असेल तर क्लॅम्प.

पातं बदलताना घाम फुटतो तो वेगळाच विषय. बहुतेक मायटर सॉच्या बोल्टला उलटे आटे असतात, नेहमीसारखं डावीकडे फिरवलंत तर तो अजून आवळला जाईल आणि तुम्ही पान्याला पाइप लावून त्याची डोकी मोडाल. स्पिंडल लॉक (पातं फिरू न देणारं बटण) दाबा, घड्याळाच्या दिशेने फिरवा, लगेच सुटतो. नवीन पात्यावरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला हवेत. सोबत आलेलं पातं बऱ्याचदा कमी दातांचं असतं, फळ्या फोडायला चांगलं, पण फिनिशिंगला १० इंचात ६० ते ८० दातांचं घ्या, आणि दातांचा हुक (दात पुढे किती झुकलेत तो कोन) कमी किंवा मायनसमधे असलेलं बघा, स्लायडिंगमधे ते लाकूड कमी ओढतं. पातं बदललं की वरची पालथ्या तुकड्याची टेस्ट परत एकदा.

एक दोष मात्र घरी नेहमी सुटत नाही. गुण्याने सगळं शून्य, तरी कापलेल्या बाजूवर करपल्याचे डाग, आणि पात्याचे मागचे दात आधीच कापलेल्या लाकडाला परत खरवडतायत. याचा अर्थ पातं आणि रॉडची सरकण्याची दिशा समांतर नाहीत. तपासायचं कसं, तर एका दातावर मार्करने खूण करा, फेन्सला गुण्या टेकवा आणि तोच एक दात गुण्याच्या कडेने मागून पुढे सरकवत न्या. पात्याचा पत्रा गुण्याला नीट बसतोय, पण सरकवताना तो दात गुण्यापासून लांब जातोय किंवा त्याला घासतोय, तर दोष तोच. काही मॉडेलमधे याला ॲडजस्टमेंट असते, बऱ्याचशा मशीनमधे नसते. मॅन्युअलमधे नसेल तर स्क्रू शोधत बसू नका, कापलेल्या तुकड्याचे फोटो काढा आणि वॉरंटीत बदलून मागा.